मँडोलिनवर ब्लूग्रास: सुरुवात उजव्या हातापासून

मराठी कानाला मँडोलिन ओळखीचं आहे ते हिंदी सिनेमाच्या गाण्यांमधून. दोन कडव्यांच्या मधल्या तुकड्यात एखादा लांब सूर थरथरत राहतो, तो ट्रेमोलो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत संगीतकार होण्याआधी हेच वाद्य वाजवायचे. त्याच कानाने अमेरिकेतलं ब्लूग्रास, म्हणजे तिथल्या लोकगीतांतून निघालेलं तारवाद्यांचं संगीत, ऐकायला बसलात, तर पहिल्या काही मिनिटांत मँडोलिन सापडतच नाही. बँजो कळतो, फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) कळतं, गाणारे कळतात. मँडोलिन तेव्हा मागे बसून एक मात्रा सोडून एक ‘ठक्’ करत असतं.

ब्लूग्रासच्या पारंपरिक बँडमध्ये ड्रम नसतात. गिटार, बँजो, फिडल, डबल बास आणि मँडोलिन, संपला बँड. बास पहिली आणि तिसरी मात्रा धरतो, मँडोलिन दुसरी आणि चौथी. या दाबून मारलेल्या फटक्याला चॉप म्हणतात. अमेरिकन रूट्स म्युझिकवर, म्हणजे तिथल्या लोकसंगीताच्या मुळांशी जोडलेल्या संगीतावर, मँडोलिनवादकांचा सगळ्यात खोल ठसा या फटक्यातच आहे, झगझगीत सोलोंचा नंबर त्याच्या नंतर. नवशिके बहुधा धुनी आधी गोळा करतात आणि चॉप ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. मग वीस धुनी पाठ असतात, पण चार जणांत बसून एक गाणं धरता येत नाही. म्हणून खालचा क्रम थोडा उलटा आहे.

हे वाद्य तिथे पोचलं कसं

एवढा इतिहास ठाऊक असला की कुठलं वाद्य घ्यायचं हे समजायला सोपं जातं. १८८० मध्ये ‘स्पॅनिश स्टुडंट्स’ म्हणून ओळखला जाणारा वादकांचा ताफा न्यूयॉर्कला आला. त्यांच्या हातात खरं तर बांदुर्रिया होतं, पण अमेरिकेतल्या इटालियन वादकांनी मँडोलिन घेऊन त्यांची नक्कल सुरू केली आणि वेड पसरलं. गावोगावी मँडोलिन क्लब निघाले. ऑर्व्हिल गिब्सनने मिशिगनमधल्या कॅलमझू गावात अर्ध्या भोपळ्यासारखी इटालियन पाठ काढून टाकली आणि व्हायोलिनसारख्या कोरीव फळ्यांचं मँडोलिन बनवलं. त्याच्या नावाची कंपनी १९०२ मध्ये उभी राहिली. टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगमधून स्वस्त मँडोलिनं खेड्यापाड्यांत गेली. १९२० च्या दशकात शहरांतलं वेड ओसरलं. वाद्यं मात्र दक्षिणेतल्या घरांत खुंटीला टांगलेली राहिली आणि तिथल्या लोकांनी ती आपल्या गाण्यांसाठी उतरवली.

१९३० च्या दशकात दोन भावांनी मिळून गायची पद्धत जोरात होती: एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे मँडोलिन. ब्लू स्काय बॉईज, पुढे लूव्हिन ब्रदर्स, आणि मन्रो ब्रदर्स. यातला बिल मन्रो (१९११–१९९६) केंटकीतल्या रोझीन गावचा. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतल्यामुळे त्याच्या वाट्याला मँडोलिन आलं, आणि आवाज फार होऊ नये म्हणून आठपैकी चारच तारा लावायची परवानगी मिळाली. त्याने पुढे या वाद्याचा आवाज किती वाढवला हे पाहता भावांची चिंता रास्त होती म्हणायची. १९३९ मध्ये तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ओप्री’ या रेडिओ कार्यक्रमात आला. त्याच्या बँडचं नाव ब्लू ग्रास बॉईज. अख्ख्या संगीतप्रकाराला नाव मिळालं ते त्यावरून.

वाद्य निवडणं

दोन आकार दिसतील. ए-स्टाइल म्हणजे थेंबासारखं, साधं. एफ-स्टाइल म्हणजे खांद्यावर गुंडाळी आणि खाली टोकं असलेलं. गुंडाळीने आवाजात सांगण्यासारखा फरक पडत नाही, किंमत मात्र बरीच वाढते. पहिलं वाद्य ए-स्टाइलच घ्या.

फरक पडतो तो पुढच्या भोकांनी. व्हायोलिनसारखी दोन एफ-होल्स असली तर आवाज कोरडा आणि तोंडावर येणारा. चॉपला हवा तसा. मधोमध अंडाकृती भोक असलं तर सूर गोल, जरा जास्त वेळ रेंगाळणारा. ओल्ड-टाइम (ब्लूग्रासच्या आधीचं लोकसंगीत) आणि ब्लूज (कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत) यांना गोड, पण चॉप त्यात पसरतो. एफ-होल्सचं मँडोलिन गिब्सनने १९२२ मध्ये एफ-५ या नावाने काढलं. त्यामागे लॉइड लोअर हा ध्वनीचा जाणकार होता. तेव्हा ते फारसं खपलं नाही आणि १९२४ च्या अखेरीस लोअर कंपनीतून बाहेर पडला. मन्रोने लोअरची ९ जुलै १९२३ ही तारीख असलेलं एक एफ-५ १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून दीडशे डॉलरला घेतलं, आणि त्यानंतर प्रत्येक ब्लूग्रासवाल्याला तसंच हवं झालं.

पुढची फळी अखंड स्प्रूस लाकडाची हवी, प्लायवुडची नको. ओळखायची खूण: एफ-होलच्या कडेकडे उजेडात बघा. लाकडाच्या रेषा वरून खाली कडेतून सरळ जात असतील तर अखंड, तीन थर दिसले तर प्लायवुड. केंटकी केएम-१५० किंवा ईस्टमन एमडी-३०५ ही अखंड लाकडाची, ए-स्टाइल, एफ-होल्सची मॉडेलं नवशिक्यांना सर्रास सुचवली जातात आणि ती सूचना योग्य आहे. घरात आजोबांचं भोपळ्याच्या पाठीचं मँडोलिन असेल, तर त्यावर बोटं बसवा, पण जाड तारा चढवू नका. पुढची फळी आत बसते. यू. श्रीनिवास कर्नाटक संगीतासाठी पाच एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन वाजवायचे. तसलं वाद्य या कामाला चालत नाही, कारण चॉपचा ‘ठक्’ पोकळ लाकडातून येतो.

तारा आणि ब्रिज

आठ तारा, चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात. मीडियम फॉस्फर ब्राँझ सेटची जाडी इंचात .०११, .०१५, .०२६, .०४० अशी असते, लाइट सेट .०१० पासून .०३८ पर्यंत. पहिले तीन महिने लाइट लावा, बोटं वाचतील. चॉप जमायला लागला की मीडियमवर या, आवाजाला वजन येतं. तारेच्या टोकाला मणी नाही, फास असलेल्या तारा मागा; टेलपीसच्या, म्हणजे वाद्याच्या बुडाला तारा अडकवायच्या पट्टीच्या, आकड्यात फासच अडकतो.

ब्रिज, म्हणजे आपली घोडी, चिकटवलेला नसतो. तो केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहतो. म्हणून सगळ्या तारा एकदम काढायच्या नाहीत. एक काढा, एक लावा. सगळ्या काढल्यात तर ब्रिज घरंगळतो आणि मग वाद्य बेसूर का झालं ते कळत नाही. जागा बसवायची रीत अशी: नटपासून (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूची पट्टी) जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून ब्रिजपर्यंत, साधारण १७.६ सेंटिमीटर. मग ट्यूनर, म्हणजे सूर दाखवणारं छोटं यंत्र, लावा. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून हार्मोनिक (घंटेसारखा हलका सूर) वाजवा, नंतर तिथेच दाबून सूर वाजवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे केसभर सरकवा, उतरा आला तर नेककडे. बारीक जोडी आणि जाड जोडी दोन्ही तपासा. ब्रिज बहुधा किंचित तिरका बसतो. सरकवण्याआधी तारा थोड्या ढिल्या करायला विसरू नका, नाहीतर फळीवर ओरखडा पडतो.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची बारीक बाजूला दीड आणि जाड बाजूला दोन मिलिमीटरच्या आसपास हवी. तीन मिलिमीटर असेल तर बोटं सोलतात आणि चूक आपलीच वाटते. ब्रिजच्या दोन चकत्या फिरवून उंची कमीजास्त होते.

मुंबई-कोकणात जूनपासून लाकूड ओल धरून फुगतं, फळी वर येते आणि तारा उंचावतात. ऑगस्टमध्ये चकत्या थोड्या खाली घ्याव्या लागतात, जानेवारीत परत वर. अमेरिकेत किंवा कॅनडात राहत असाल तर उलटा त्रास: हिवाळ्यात घरातल्या हीटिंगने हवा कोरडी पडते आणि फळीला चीर जाते. दोन्हीकडे उपाय एकच, वाद्य केसमध्ये ठेवा आणि आतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, कोरड्या थंडीत छोटा ह्युमिडिफायर. वाजवून झाल्यावर तारा सुती फडक्याने पुसल्या नाहीत तर दमट हवेत पंधरा दिवसांत गंजाची खरखर लागते.

सुरात लावणं

जाडीकडून बारकीकडे जी, डी, ए, ई, ही पाश्चात्त्य सुरांची नावं. थेट व्हायोलिनसारखं. आपल्या भाषेत सोपं आहे: प्रत्येक जोडी ही आधीच्या जोडीचा पंचम. जी सा धरला तर डी प. डी सा धरला तर ए प. सेकंदाला कंपनं १९६, २९३.७, ४४० आणि ६५९.३.

जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करा, दुसरी ट्यूनरवर लावा, मग पहिली दुसरीशी कानाने जुळवा. सूर नेहमी खालून वर चढवत आणा. तार चढी झाली तर उतरवून परत चढवा, थेट उतरवत सुरात आणलीत तर खुंटीतली ढील दोन मिनिटांत सुटते. पडताळा: कुठल्याही जोडीचा सातवा फ्रेट म्हणजे पुढची मोकळी जोडी. जोडीत किंचितही फरक राहिला की आवाज ‘वँव वँव’ असा हलतो. वाद्य हलकं आहे असं वाटून निवांत राहू नका. आठ तारांचा ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो, नव्या तारा दोन दिवस उतरतच राहतात.

पिक आणि उजवं मनगट

पिक म्हणजे तार छेडायची नखी. गिटारचं पातळ, लवचिक पिक इथे निरुपयोगी. दुहेरी तारेवर ते वाकतं आणि प्लास्टिकची चटचट ऐकू येते. १.२ ते १.५ मिलिमीटर जाडीचं, न वाकणारं, गोलसर कोपऱ्याचं घ्या. मोठ्या त्रिकोणी पिकचे तिन्ही कोपरे वापरता येतात. अंगठ्याचं पेर आणि तर्जनीची कड यांत पकडा, टोक तीन-चार मिलिमीटरच बाहेर. पकड एवढी सैल हवी की दुसऱ्या कुणी ओढलं तर पिक सहज निघावं. घट्ट पकड ही पहिल्या वर्षातली निम्मी दुखणी आणते: मनगट आखडतं, ट्रेमोलो खडबडतो, लय ओढली जाते.

तार छेडायची जागा फिंगरबोर्डचं टोक आणि ब्रिज यांच्या मध्ये. बऱ्याच मँडोलिनांना फिंगरबोर्डचा पुढे आलेला जिभेसारखा भाग असतो, त्यावर पिक टकटक आपटतं. मनगट थोडं ब्रिजकडे न्या. काही वादक तो भाग तासूनच घेतात. तुम्ही लगेच तासू नका.

नियम एक: मात्रेवर खाली, दोन मात्रांच्या मध्ये वर. ‘एक-आणि-दोन-आणि’ म्हणा, आकड्यावर हात खाली, ‘आणि’वर वर. सूर नसला तरी हात झुलत राहतो, हवेत. हा झुलता हात म्हणजे तुमचा मेट्रोनोम, लयीची टिकटिक देणारं यंत्र. पहिला आठवडा मोकळ्या ए जोडीवर एवढंच करा, मिनिटाला ६० च्या लयीत, दहा-दहा मिनिटं. कंटाळा येईल. तरी करा.

डावा हात गिटारसारखा सरळ धरू नका, व्हायोलिनसारखा किंचित तिरका. तर्जनी पहिले-दुसरे फ्रेट सांभाळते, मधलं बोट तिसरा-चौथा, अनामिका पाचवा-सहावा, करंगळी सातवा. बोट फ्रेटच्या पट्टीला लागून मागे ठेवा आणि जोडीतल्या दोन्ही तारा दाबल्या जातायत ना बघा. एकच दाबली गेली की झणझण येते. वाद्यात दोष नसतो.

दोन बोटांच्या कॉर्ड

कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार जुळते सूर. खालचे आकडे फ्रेटचे, जी, डी, ए, ई या क्रमाने, शून्य म्हणजे मोकळी. जी: ०-०-२-३. सी: ०-२-३-०. डी: २-०-०-२. ई मायनर: ०-२-२-०. ए: २-२-४-५, याला तीन बोटं लागतात. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना उजवा हात थांबता कामा नये. बोटं पोचली नाहीत तर मोकळ्या तारा वाजू द्या, पण मात्रा चुकवू नका. या टप्प्यावर आठवडाभर पुरे. इथे रेंगाळायचं कारण नाही.

चॉप

आता मुख्य काम. चॉपच्या कॉर्डमध्ये मोकळी तार नको, कारण मोकळी तार गप्प करता येत नाही. जीचा चॉप: ७-५-२-३. ए जोडीच्या दुसऱ्यावर तर्जनी, ई जोडीच्या तिसऱ्यावर मधलं बोट, डी जोडीच्या पाचव्यावर अनामिका, जी जोडीच्या सातव्यावर करंगळी. दुसऱ्या आणि सातव्या फ्रेटमध्ये जवळजवळ आठ सेंटिमीटर अंतर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी करंगळी पोचत नाही. चालेल. जी जोडी सोडून वरच्या तीनच वाजवा आणि रोज दोन मिनिटं करंगळी तिथे नेऊन ठेवत चला. अंगठा नेकच्या मागे जरा खाली सरकवला आणि मनगट पुढे काढलं की अंतर एकदम कमी वाटतं.

हाच आकार दोन फ्रेट वर सरकवला की ए: ९-७-४-५. डीचा चॉप ७-४-५, ई जोडी न वाजवता. सीचा ५-२-३, ई जोडी न वाजवता. एवढ्या चारांवर ब्लूग्रासची ढीगभर गाणी निघतात.

फटका असा बसवा. आधी बोटं जीच्या आकारात नुसती टेकवा, दाबू नका, आणि वरून खाली एकदम फटका मारा: सूर नाही, नुसता ‘ठक्’. मग तीच बोटं पूर्ण दाबून मारा: कॉर्ड घुमेल. चॉप या दोघांच्या मध्ये आहे. दाबा, मारा, आणि पिक शेवटच्या तारेवरून बाहेर पडत असतानाच दाब सोडा. बोटं तारेवरून उचलायची नाहीत, फक्त दाब जातो. ‘ठक्’च्या पोटात कॉर्डचा सूर क्षणभर चमकून विझला पाहिजे. फटक्याचा भर जाड जोड्यांवर, बारीक जोड्यांवरून हात नुसता निघून जातो.

मग लय. आपला हात समेवर टाळी द्यायला सरावलेला. इथे समेवर हात गप्प ठेवायचा असतो आणि तेच जड जातं. मेट्रोनोम ६० वर लावा आणि त्याची टिकटिक पहिली मात्रा न समजता दुसरी आणि चौथी समजा. तोंडाने ‘एक’ म्हणा, टिकेवर चॉप, ‘तीन’ म्हणा, टिकेवर चॉप. म्हणजे खरी लय १२० झाली. पाच मिनिटं न घसरता जमलं की मेट्रोनोम चार अंकांनी वाढवा. वॉल्ट्झमध्ये, तीन मात्रांत, बास पहिलीवर आणि चॉप दुसरी-तिसरीवर.

बिघडतं ते असं. कॉर्ड घुमत राहिली: दाब उशिरा सुटतोय. नुसतं लाकूड आपटल्यासारखं वाजलं, सूरच नाही: दाब फटक्याच्या आधीच सुटतोय, नवशिक्यांत ही चूक जास्त, आणि ती ताकद वाढवून सुधारत नाही. ‘खरर्र’ असा लांबलेला आवाज: पिक चार जोड्या सावकाश ओलांडतंय, मनगटाने झटका द्या, कोपराने नाही. सीच्या चॉपमागून ई जोडी चिवचिवते: तर्जनी-मधल्या बोटाचं मांस किंचित आडवं करून तिला चिकटवा. लय मागे पडते: हात फार लांबून येतोय, तारांपासून पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा वर नेऊ नका. लय पुढे धावते: बास ऐकत नाही आहात. स्वतःचा चॉप मोबाइलवर रेकॉर्ड करून बासच्या ट्रॅकबरोबर ऐका. ऐकताना लाज वाटते, पण दुसरा आरसा नाही.

नमुना म्हणून मन्रोच्या बँडचं सप्टेंबर १९४६ मधलं रेकॉर्डिंग ऐका. मन्रो, बँजोवर अर्ल स्क्रग्ज, गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ त्याच सत्रातलं. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने पहिल्या रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ते घेतलं, वॉल्ट्झ मोडून चार मात्रांत. एकाच गाण्याच्या या दोन तबकड्या लागोपाठ ऐकल्या की रॉक अँड रोलने कुठून काय उचललं याची कल्पना येते.

पहिली धून

‘बॉइल देम कॅबेज डाउन’ ही पारंपरिक धून डीमध्ये घ्या. मोकळी डी जोडी सा, दुसरा फ्रेट रे, चौथा ग, पाचवा म. सांगाडा एवढाच: ग, म, ग, रे, मग ग, म, आणि शेवटी ग-रे-सा. पहिल्या सहा सुरांना प्रत्येकी चार मात्रा, शेवटी ग आणि रे दोन-दोन मात्रांचे, मग सा. कॉर्ड: डी, जी, डी, ए, डी, जी, डी-ए, डी. आधी पूर्ण धून चॉपने वाजवा, तोंडाने गात. मग सुरांनी. मग प्रत्येक मात्रेला खाली-वर असे दोन फटके भरा. शेवटी लांब सुरांवर ट्रेमोलो: ६० च्या लयीत मात्रेला चार फटके, समान वजनाचे, मग सहा. ट्रेमोलो हा वेगळा थरथराट नाही, तोच खाली-वर हात आहे, फक्त जलद. मोजणी सोडून हात नुसता हलवला की तो सिनेमातल्यासारखा तरंगतो. सिनेमात ते शोभतं, इथे बँडच्या लयीतून सुटतं.

कुणाकडून काय उचलायचं

मन्रोकडून खाली-खालीचे फटके आणि कोमल गंधार. रोझीनच्या परिसरातल्या आर्नोल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादकाबरोबर तो पोरवयात नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा, आणि ब्लूज त्याच्या हातात तिथून आला. जीमध्ये हे वाजवून बघा: डी जोडीचा पाचवा (सा), ए जोडीवर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरत (कोमल ग ते शुद्ध ग), ए जोडीचा पाचवा (प), ई जोडीचा पहिला (कोमल नि), तिसरा (वरचा सा). सगळे फटके खाली, मुद्दाम जरा खरखरीत. घसरण समेच्या किंचित आधी सुरू करा. गुळगुळीत वाजलं तर चुकलं. हे पचलं की १९५१ चं ‘रॉहाइड’ ऐका; वाजवायची घाई मात्र नको.

ब्लूजचा दुसरा, जास्त सरळ झरा म्हणजे टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलचा यँक रेचेल. १९२९ मध्ये मेम्फिसला स्लीपी जॉन एस्टीसबरोबर त्याने रेकॉर्डिंग केलं. मँडोलिन आणि ब्लूज हे नातं पुस्तकांत बरेचदा एका ओळीत उरकलं जातं. ते अन्यायाचं आहे.

जेसी मॅकरेनॉल्ड्सकडून (१९२९–२०२३) क्रॉसपिकिंग. बँजोची तीन बोटांची लड एका पिकने काढायची. जीची ०-०-२-३ धरा. डी जोडी खाली, ई जोडी वर, ए जोडी वर. हे दोनदा, मग डी खाली, ई वर: तीन, तीन आणि दोन, मिळून आठ. ‘खाली-वर-वर’मुळे मात्रेवर खाली हा आधीचा नियम मोडतो, म्हणून चॉप पक्का होण्याआधी याला हात लावलात तर दोन्ही बिघडतं. चाळीसच्या लयीत सुरू करा.

सॅम बुशने (जन्म १९५२, बोलिंग ग्रीन, केंटकी) चॉपच्या मध्ये खाली-वरचे फटके भरून त्याला जवळपास ड्रमसेटच केलं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या न्यू ग्रास रिव्हायव्हलमध्ये ते ऐका. डेव्हिड ग्रिसमनकडून सुराचा गोलवा घ्यायचा. ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या १९७० मधल्या ‘रिपल’मधलं मँडोलिन त्याचंच, आणि १९७७ च्या त्याच्या क्विंटेटच्या, म्हणजे पाच जणांच्या बँडच्या, तबकडीत ब्लूग्रास आणि जॅझ एका ताटात आहेत. जेथ्रो बर्न्सकडून स्विंगच्या कॉर्ड. क्रिस थीली मुद्दाम शेवटी ठेवलाय. २०१३ मध्ये त्याने बाखच्या व्हायोलिनच्या रचना मँडोलिनवर रेकॉर्ड केल्या. स्वरांची जुळणी तीच असल्याने ते जमतं. सुरुवातीला त्याला ऐका जरूर, नक्कल करू नका, हात आखडेल. सिएरा हलचा डावा हात जास्त शिकवून जातो, कमीत कमी हालचाल. २०१६ मध्ये ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा वर्षातल्या मँडोलिनवादकाचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली स्त्री.

जॅममध्ये बसताना

जॅम म्हणजे वर्तुळात बसून मिळून वाजवणं. अमेरिकेत राहणाऱ्यांना हे लवकर लागेल. भारतात तीन मित्र आणि एक गिटार जमले तरी पुरे. गाणं सुरू करणारा सूर सांगतो, ‘जी’ किंवा ‘ए’. कॉर्ड आकड्यांत बोलतात: एक, चार, पाच. जीमध्ये जी, सी, डी. एमध्ये ए, डी, ई. म्हणून कॉर्डचे आकार पाठ करताना आकडेही पाठ करा.

वर्तुळात दुसरं मँडोलिन असेल तर दोघांनी एकदम चॉप मारू नये, दोन हातोडे ऐकू येतात. जो आधी बसलाय त्याला धरू द्या, तुम्ही हळू आवाजात सूर भरा किंवा गप्प बसा. गाणारा गात असताना चॉपचा आवाज त्याच्या शब्दांच्या खाली. सोलोची पाळी वर्तुळात फिरत येते. तयार नसाल तर मान हलवून पुढच्याकडे द्या, कुणाला काही वाटत नाही. सोलोत सूर चुकला तर पुढे चला, लय तोडून परत मागे आलात तर मात्र सगळे अडखळतात. आणि सुरू करणाऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवा. त्याने एक पाय वर उचलला की हे आवर्तन शेवटचं.